डेंगी, रक्तगट आणि आधीचा ताप

मा. संपादक,

पावसाळा लागला की ‘ओ गटवाल्यांना डास जास्त चावतात, एबी गटवाल्यांना डेंगी भारी पडतो’ हे मेसेज मोबाइलवर फिरू लागतात. दोन्हींमागे खरे संशोधन आहे, पण ते अर्धेच पोहोचते.

पहिला अभ्यास जपानचा, २००४ चा. ६४ जणांवर सोंड कापलेले डास सोडले होते. ते चावणे शक्यच नव्हते. मोजले ते फक्त अंगावर बसणे. लाळ-घामातून ज्यांचे रक्तगटाचे अंश बाहेर पडतात, अशा लोकांत ओ आणि ए गटांत ठळक फरक निघाला. ओ आणि बी, ओ आणि एबी यांच्यात नाही. शिवाय तो डास एडिस अल्बोपिक्टस. शहरातल्या घरांत डेंगी पसरवतो तो मुख्यतः एडिस इजिप्ती.

दुसरा अभ्यास थायलंडचा, २००७ चा. त्यात एबी गटाच्या रुग्णांत गंभीर डेंगी जास्त दिसला, पण दुसऱ्यांदा डेंगी झालेल्यांत. सगळी गोम इथेच आहे. डेंगीचे विषाणू चार प्रकारचे. एक प्रकार होऊन गेला की त्यापुरते संरक्षण मिळते. नंतर वेगळा प्रकार आला, तर जुनी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) त्याला नुसतीच चिकटतात, मारत नाहीत, उलट पेशीत शिरायला वाट करून देऊ शकतात. म्हणून केसपेपरवर ‘पूर्वी डेंगी झाला होता का, कोणत्या साली?’ हे लिहिले जायलाच हवे. जुना रिपोर्ट फाइलला ठेवा आणि डॉक्टरांना आपणहून दाखवा. दुसऱ्या खेपेला एनएस१ (रक्तात विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) लवकर निगेटिव्ह होऊ शकते, आयजीएम (ताज्या संसर्गात बनणारी प्रतिपिंडे) हीही कधी कमी येते. एका चाचणीवर ‘डेंगी नाही’ म्हणून निर्धास्त राहू नये. रक्तगट माहीत असावा तो रक्त चढवायची वेळ आली तर.

घरचे लोक सर्वांत जास्त फसतात ते ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप खाली येतो, सगळे निःश्वास सोडतात आणि नेमका तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. रक्त घट्ट होते, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) चढतो आणि प्लेटलेट घसरतात. पोटात जोरात दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी किंवा तळमळ, लघवी कमी होणे, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. अंगदुखी सोसवत नाही म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने घेतले, तर रक्तस्राव वाढू शकतो.

डेंगीच्या बातमीत प्लेटलेटचा आकडा ठळक छापला जातो. त्याशेजारी हिमॅटोक्रिटही द्यावा आणि हा ताप पहिला की दुसरा तेही लिहावे, ही आपल्या दैनिकाला कळकळीची विनंती.

– एक रक्तपेढी तंत्रज्ञ, सांगली