विषाणूकडून विषाकडे

परभणी

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. विषाणूशास्त्र सोडून विषशास्त्रात पीएच.डी. करतोयस, तीही कापूस-सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या मजुरांवर, हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या भागात हे काम व्हायलाच हवं.

पेशी सांभाळण्यात तुझा हात बसलेला आहे, तो कामी येईल. एक सवय मात्र मोडावी लागेल. विषाणू थोडा कमी पडला तरी पेशीत शिरून वाढतो आणि कसर भरून काढतो. क्लोरपायरिफॉससारखं कीटकनाशक वाढत नाही, उलट घटतं. पाण्यात जेमतेम विरघळतं, प्लास्टिकला चिकटतं, सीरममधल्या प्रथिनांना धरून बसतं. तू टाकलेली मात्रा पेशीपर्यंत पोचतेच असं नाही. द्रावण काचेच्या बाटलीत ठेव. ते ज्यात विरघळवतोस ते डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचे वेल (खळगे) प्रत्येक प्लेटमध्ये ठेव.

व्हेरो पेशींवर क्लोरपायरिफॉस टाकून ‘परिणाम नाही’ असं तर मुळीच लिहू नकोस. यकृतात सायटोक्रोम पी४५० ही एन्झाइमं त्याचं ऑक्सॉन हे जास्त विषारी रूप बनवतात, आणि ते ऑक्सॉन अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला लागणारं एन्झाइम बंद पाडतं. व्हेरो पेशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या. तिथे यकृताचं काम होईल अशी अपेक्षाच नको. सरळ ऑक्सॉन वापर.

खरी परीक्षा रक्ताची. हे एन्झाइम रक्तात किती चालतंय ते मोजायला एल्मनची १९६१ची पद्धत अजून चालते: डीटीएनबी या रसायनापासून येणारा पिवळा रंग ४१२ नॅनोमीटरवर मोजायचा. पण हिमोग्लोबिनही तिथेच प्रकाश शोषतं, म्हणून लाल पेशींसाठी ४३६वर वाच. नळी जांभळ्या टोपणाची, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) घे. राखाडी टोपणातलं फ्लोराइड हेच एन्झाइम दाबतं. नमुना लगेच बर्फात. बोटातून थेंब घेणार असशील तर आधी मजुराचे हात साबणाने नीट धुवून घे, नाहीतर कातडीवरचं औषध थेंबात उतरतं आणि धडधाकट माणूस बाधित दिसतो. (गावात कीटकनाशकाला औषधच म्हणतात, प्रश्नावलीतही तोच शब्द ठेव.) फवारणीत कार्बामेट या दुसऱ्या गटातलं कीटकनाशक असेल तर उशीर चालत नाही, काही तासांत एन्झाइम पूर्ववत होतं.

निरोगी माणसांतही एन्झाइमचा हा आकडा इतका कमी-जास्त असतो की दुसऱ्या गटाशी केलेली तुलना लंगडी पडते. ज्याची त्याची तुलना त्याच्याच फवारणीआधीच्या रक्ताशी कर. त्यापेक्षा २० टक्के घट दिसली की फवारणी कशी चालते ते तपासायला लागायचं. लाल पेशींतलं एन्झाइम नव्या पेशी येतील तसंच भरून येतं, त्याला तीन-चार महिने लागतात. म्हणून पहिला नमुना मे महिन्यातला बरा, हिवाळ्यातल्या फवारण्यांचा असर तोवर गेलेला असतो.

कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट होतीलच, त्याची काळजी नको. एथिक्स समितीचा अर्ज मात्र दिवाळीतच टाक. शंका-दुरुस्त्यांत महिने जातात, आणि मृगाची पेरणी एकदा हुकली की पहिल्या नमुन्यासाठी पुढच्या मेपर्यंत थांबावं लागेल.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
दिगू