स्कुबाचं श्रेय एकट्या कुस्तोंना नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तारकर्ली-मालवणच्या स्कुबा डायव्हिंगवर आलेला लेख वाचला. फोटो झकास होते, कुठे राहावं, काय खावं हेही व्यवस्थित दिलं होतं. इतिहास मात्र एका चौकटीत उरकलेला : फ्रेंच नौदलातले अधिकारी झाक कुस्तो यांनी १९४३ मध्ये स्कुबाचा शोध लावला. शेजारी लाल टोपीतला त्यांचा फोटो.

ही माहिती खोटी नाही, अर्धी आहे. आयटीआयमध्ये पोरांना झडपा खोलून दाखवण्यात माझी नोकरी सरली, त्यामुळे उरलेली अर्धी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मुळात अडचण काय होती ते आधी पाहू. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. छातीवर एवढा दाब असताना वरून नुसती नळी सोडून श्वास घेता येत नाही. आत येणारी हवासुद्धा तेवढ्याच दाबाची लागते. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा कोंबलेली असते ती त्याच्या कितीतरी पट दाबाने. ती थेट तोंडात सोडली तर माणूस मरेल. घरच्या गॅस सिलिंडरवरच्या रेग्युलेटरमध्येही पडदा आणि स्प्रिंग असते, पण तो दाब उतरवून एका ठरावीक आकड्यावर आणतो. पाण्याखाली आकडा ठरावीक असून भागत नाही. पाणबुड्या, म्हणजे बुडी मारणारा माणूस, खाली-वर होईल तसा तो बदलायला हवा आणि हवासुद्धा श्वास ओढला तरच यायला हवी.

त्यावरचं उत्तर इतकं साधं आहे की पाहून हात जोडावेसे वाटतात. रबरी पडद्याच्या एका अंगाला समुद्राचं पाणी, दुसऱ्या अंगाला श्वासाची हवा. श्वास ओढला की आतला दाब उतरतो, पाणी पडद्याला आत ढकलतं, पडदा तरफेवर टेकतो, झडप उघडते. श्वास थांबला की पडदा मागे, झडप बंद. खोल गेलात तर पाणीच पडदा जास्त जोराने रेटतं, म्हणून हवाही तेवढ्या दाबाने येते. आकडा बसवायचं काम समुद्र स्वतः करतो. पाणबुड्याचा रेग्युलेटर तो हाच.

ही कल्पना कुस्तोंची नाही. ती १८६० च्या दशकातली आहे. बेनुआ रुकेरोल हा फ्रान्समधला खाण अभियंता. विषारी वायू भरलेल्या खाणीत शिरणाऱ्या माणसाला हवा मिळावी म्हणून त्याने हे यंत्र केलं. ओग्युस्त देनेरूझ या नौदलातल्या लेफ्टनंटने ते पाण्यात उतरवलं. दोघेही एस्पालियों परिसरातले, गाव समुद्रापासून चांगलं लांब. आज तिथे पाणबुड्यांच्या साधनांचं संग्रहालय आहे. त्यांची झडप उत्तम होती, पण त्या काळच्या धातूच्या टाकीत पुरेशी हवा कोंबता येत नव्हती, त्यामुळे जहाजावरच्या पंपाची नळी सुटली नाही. पुढे ईव्ह ल प्रियर यांनी १९३३ पर्यंत चांगल्या दाबाचा सिलिंडर पाण्यात नेला, पण त्यावर झडप नव्हती. हवा सतत वाहायची, कमी-जास्त करायला हाताने चावी फिरवायची आणि बरीचशी हवा वाया जायची. म्हणजे सिलिंडर तयार, झडपही सत्तर वर्षांपूर्वी तयार, पण दोन्हींची जोडी अजून जमलेली नाही.

कुस्तोंच्या बाबतीत ती जमली युद्धामुळे. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवत होते. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस पोचवणारी छोटी झडप एअर लिक्विड कंपनीतल्या एमिल गान्यां या अभियंत्याने तयार केली होती. कुस्तोंचे सासरे त्याच कंपनीत वरच्या पदावर. त्या ओळखीने १९४२ च्या अखेरीस कुस्तो पॅरिसला गान्यांकडे गेले, आपली गरज सांगितली आणि गान्यांनी टेबलावरची ती झडप पुढे केली.

थोड्याच दिवसांत पॅरिसजवळच्या मार्न नदीत, ऐन थंडीत, पहिली चाचणी झाली आणि ती फसली. आडवं पोहताना सगळं ठीक. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. दोघे विचार करत परतले आणि कारण हाती लागलं. उच्छ्वासाची झडप एकीकडे आणि पडदा दुसरीकडे होता. माणूस उभा-उलटा झाला की दोन्हींच्या उंचीत काही इंचांचा फरक पडे, आणि पाण्यात काही इंचांचा फरक हाही दाबाचा फरकच. उच्छ्वासाची झडप पडद्याच्या अगदी शेजारी आणून बसवली, काम झालं. माझ्या मते स्कुबाचा शोध लागला तो या दुरुस्तीत.

जून १९४३ मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी बांदोलला कुस्तो ते यंत्र पाठीवर घेऊन उतरले. वर पाण्यावर पत्नी सिमोन तोंडात नळी धरून लक्ष ठेवून होत्या, किनाऱ्यावर मित्र फ्रेडेरिक द्युमा मदतीला तयार होता. पुढे कुस्तोंचं 'कॅलिप्सो' हे जहाज चालतं ठेवण्यासाठी याच सिमोनने स्वतःचे दागिने विकले. नवऱ्याहून जास्त काळ त्या जहाजावर राहिल्या, पण कॅमेऱ्यासमोर फारशा आल्या नाहीत. गान्यां १९४७ मध्ये कॅनडात माँट्रियलला गेले आणि तिथेही रेग्युलेटरच घडवत राहिले. त्यांचा लाल टोपीतला फोटो नाही, म्हणून त्यांना चौकटीत जागा नाही.

आता ज्याचं नाव मला सर्वांत जवळचं वाटतं त्याच्याबद्दल. मॉरिस फार्ग. १९४६ मध्ये कुस्तो आणि द्युमा दक्षिण फ्रान्समधल्या व्होक्लूझच्या झऱ्यात, डोंगराच्या पोटातल्या विहिरीत उतरले. खाली गेल्यावर दोघांची शुद्ध हरपू लागली. वर दोर धरून फार्ग बसला होता. इशारे नीट येत नाहीत हे ओळखून त्याने दोर ओढायला घेतला आणि दोघे जिवंत वर आले. कारण शोधलं तेव्हा कळलं की सिलिंडर भरणारा कंप्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. सिलिंडरमध्ये हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड भरला गेला होता. वर्षभराने, सप्टेंबर १९४७ मध्ये तोच फार्ग तुलाँजवळ खोलीच्या चाचणीत १२० मीटरपर्यंत गेला आणि जिवंत परतला नाही. खोल पाण्यात दाबाखालचा नायट्रोजन दारूसारखा चढतो. साध्या हवेवर किती खाली जायचं याची आज जी हद्द पाळली जाते, तिच्यामागे असे मृत्यू आहेत.

'सावकाश वर या' हा नियम त्याहून जुना. भर्रकन वर आलं की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये दाखवलं. ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत बोकड-शेळ्या ठेवून प्रयोग केले. दाब भर्रकन उतरवला की जनावर दुखरा पुढचा पाय उचलून धरी. त्यावरून टप्प्याटप्प्याने वर येण्याचं कोष्टक १९०८ मध्ये तयार झालं. आमच्याकडे इंजेक्शनच्या नावाने बोंब मारणारी पोरं पाण्यात बिनधास्त उतरतात, ती या मुक्या जनावरांच्या पुण्याईवर.

आणखी एक. मालवणात पर्यटकाच्या तोंडात जो रेग्युलेटर असतो तो कुस्तो-गान्यांच्या दोन नळ्यांच्या रचनेचा नसतोच. एकच नळी, दाब उतरवण्याचा पहिला टप्पा सिलिंडरवर आणि दुसरा तोंडाशी, हे 'पॉर्पॉइज' मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने १९५२ च्या सुमारास बाजारात आणलं. पुढे ती कंपनी फ्रेंचांनीच विकत घेतली.

कुस्तोंना मी कमी लेखत नाही. समुद्राच्या आत काय आहे ते जगाला त्यांनी दाखवलं. पण १९५६ च्या त्यांच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटात प्रवाळाजवळ सुरुंग उडवून मेलेले मासे मोजलेले दिसतात आणि शार्क कुऱ्हाडीने मारलेले दिसतात. त्याच चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक आणि ऑस्करही मिळालं. पुढे याच माणसाने समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याविरुद्ध आवाज उठवला. प्रेरणा घ्यायची तर या बदलासकट घ्यावी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि आजही तिथे फोटोसाठी माशांना पाव टाकतात, प्रवाळावर पाय देऊन उभे राहतात.

आमची मालवणची पोरं पाण्यात वाकबगार आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नातवंडांना घेऊन गेलो तेव्हा मी एका ठिकाणी विचारलं की कंप्रेसर हवा कुठून ओढतो. काउंटरवरचा मुलगा हसला आणि म्हणाला, 'काका, हवाच हा ती.' होडीत सूचना दिल्या गेल्या त्या जोरात आणि भराभर : श्वास रोखू नका, कान फुंकून मोकळे करा, एकदम वर येऊ नका. का, ते कुणी सांगितलं नाही. दोन-तीन मीटरवरूनही श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं, एवढं एक वाक्य ऐकलं तर घाबरलेला पर्यटकसुद्धा श्वास सोडत राहील.

म्हणून दोन विनंत्या. पर्यटन खात्याने परवाने देताना सिलिंडर कधी तपासला आणि कंप्रेसरची हवा कुठून घेतली जाते, हे दोन तपशील तिकिटाच्या खिडकीवर लावायला सांगावेत. आणि आपण पुढच्या वेळी स्कुबावर छापाल तेव्हा लाल टोपीबरोबर रेग्युलेटरचं छेदचित्रही छापा, पडदा, तरफ आणि झडप अशी नावं घालून. चित्रकार मिळत नसेल तर मी हाताने काढून पाठवतो.

आपला नियमित वाचक,
निवृत्त शिल्प निदेशक, चिपळूण