घड्याळांच्या रात्रीबद्दल

बोखुम, जर्मनी
रविवार, 5 जानेवारी 2025

ती. बाबा आणि सौ. आई यांना
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, स्वेटरच्या आत गरम बनियन घालते. हे आधीच लिहिलं म्हणजे आईला पुढचं शांतपणे ऐकता येईल. ऑफिस, थंडी, ट्राम हे सगळं तुम्हाला फोनवर कळतंच, ते पुन्हा लिहीत नाही. फोनवर बाबा "सगळं ठीक" म्हणतात, मीही "सगळं ठीक" म्हणते आणि तेवढ्यात फोन दुसऱ्याच्या हातात जातो, म्हणून हे पत्र. टपालाने पाठवतेच आहे, पण ते पोचेपर्यंत आपल्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपून गेलेली असेल. म्हणून पानांचे फोटो दादाच्या फोनवर टाकलेत. वहिनीने वाचून दाखवावं. तिचा आवाज बाबांना नीट ऐकू येतो.

बाबा, गोळ्यांचा डबा वहिनीने वारांप्रमाणे लावून दिलाय असं कळलं. तो तसाच राहू द्या. चालायला सकाळी धुकं ओसरल्यावर जा, आणि शेंगा चटणी महिनाभर तरी बेताने. डॉक्टरांनी दादाला दिलेला कागद मी इथल्या एका डॉक्टर मैत्रिणीला दाखवला. स्टेंट नीट बसलाय, काळजीचं कारण नाही असं ती म्हणाली. मला स्वतःला तो कागद तीनदा वाचावा लागला.

बाबांना दवाखान्यात नेलं त्या रात्री मी फोन का उचलला नाही, हे आत्याने दोनदा विचारलं, दादाने एकदा. तुम्ही दोघांनी एकदाही नाही. तुम्ही विचारलं नाहीत म्हणूनच सविस्तर लिहिते.

तो 14 डिसेंबरचा शनिवार. आमच्या मंडळाचा वर्षातला सगळ्यात मोठा खेळ त्या दिवशी असतो. मंडळ म्हणजे काय हे आईला अजून नीट सांगितलेलं नाही, कारण "सिनेमे दाखवते" एवढं म्हटलं की ती गप्प होते. खाणकामगारांच्या जुन्या वसाहतीत एक सभागृह आहे. 46 खुर्च्या, एक पडदा, एक प्रोजेक्टर. महिन्यातून दोन शनिवारी आम्ही तिथे सिनेमा लावतो. इथे सात माणसं जमली की संस्था नोंदवता येते. घटना लिहायची, अध्यक्ष आणि खजिनदार निवडायचे, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा घ्यायची, इतिवृत्त लिहायचं. पहिल्या सभेचं इतिवृत्त मी लिहिलं तेव्हा मला तुमची पतपेढी आठवली, बाबा. ठरावाखाली सूचक, अनुमोदक लिहायचे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. हिशेबाची वहीही माझ्याकडेच आहे, आणि पाच वर्षांत एका युरोचा फरक निघालेला नाही.

आम्ही दाखवतो ते सिनेमे नवे नसतात, फार गाजलेलेही नसतात. काही सिनेमे एखाद्या गटाच्या घरचेच होऊन बसतात. लोकांना ते पाठ असतात, तरी ते पुन्हा येतात. जर्मन लोक याला कुल्टफिल्म म्हणतात. आपल्या घरी 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की मामा पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकतो, तसंच. आणि आजीचं तर तुम्हीच सांगता. 1975 साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा ती चपला बाहेर काढून थिएटरात शिरली होती आणि आरतीला पडद्याकडे चार आणे टाकले होते. एकटी नव्हती ती, गावोगावच्या बायकांनी तसंच केलं. मी इथल्या लोकांना हे सांगते तेव्हा कुणी हसत नाही. ते विचारतात, आरतीच्या वेळी सगळे उभे राहायचे का?

आता डिसेंबरच्या सिनेमाबद्दल. हे जरा लांबेल, पण समजून घ्या.

सिनेमाचं नाव 'फॉयरत्सांगेनबोव्ले'. काळापांढरा, 1944 चा. म्हणजे बाहेर महायुद्ध आणि बाँबहल्ले चालू असताना बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवलेला. गोष्ट साधी आहे. काही प्रौढ मित्र थंडीत गरम पेय पीत शाळेतल्या खोड्या आठवतात. त्यांतल्या एका लेखकाला आठवायला काही नसतं, कारण तो घरीच मास्तर ठेवून शिकलेला असतो. मग तो विद्यार्थ्याचं सोंग घेऊन एका लहान गावच्या शाळेत नाव घालतो. ते काम करणारा हाइन्त्स र्‍यूमान तेव्हा चाळिशीचा होता. चाळिशीचा माणूस बाकावर बसून शाळकरी पोर होतो, आणि प्रेक्षक त्याला ते होऊ देतात.

नाव आहे ते त्या पेयाचं. आग, सांडशी आणि पेय असे तीन शब्द जोडून केलेलं. मोठ्या पातेल्यात लाल वाइन, दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून गरम करतात. पातेल्यावर लोखंडी सांडशी आडवी ठेवतात. तिच्यावर साखरेचा पाव किलोचा शंकू, अगदी देवळाच्या कळसासारखा. त्यावर रम ओततात आणि काडी लावतात. निळी ज्योत उठते आणि साखर वितळून थेंबथेंब खाली पडते. आई, वाइन आणि रम असते हे मी लपवत नाही. मी स्वतः सफरचंदाचा गरम रस घेते, त्यातही दालचिनी-लवंग असते, आणि त्यावरून मला कुणी आग्रह करत नाही. पातेल्याजवळ वाळूची बादली घेऊन एक सेवानिवृत्त खाणकामगार उभा असतो. तो सभागृहाचा राखणदारही आहे.

आता खरी गंमत. हा सिनेमा बघायला प्रत्येक जण घरून गजराचं घड्याळ आणतो. चावीचं, घंटा वाजणारं. पडद्यावर गजर वाजला की सगळे आपापला गजर वाजवतात. पडद्यावर पेयाला आग लागली की लोक फुलबाज्या पेटवतात. आमच्याकडे आम्ही त्या अंगणात नेऊन लावतो, सभागृहाचा नियम तसा आहे. सिनेमात एका तासाला रसायनशास्त्राचे मास्तर मुलांना ब्लूबेरीच्या वाइनचा एकच छोटा घोट देतात आणि मुलं झिंगल्याचं सोंग करतात. तेव्हा इथेही सगळे एक घोट घेतात, एकच. विद्यापीठांच्या सभागृहांत असे खेळ डिसेंबरमध्ये होतात, ग्योटिंगेनला तर हजारो विद्यार्थी जमतात. नाताळात हाच सिनेमा टीव्हीवर घरबसल्या बघता येतो, तरी माणसं घड्याळं घेऊन बर्फातून येतात.

पहिल्या वर्षी मला यातलं काही कळलं नाही. शिकलेली माणसं, पांढऱ्या केसांच्या बायका, पिशवीतून घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसतात, कशासाठी? मग मला गड्ड्यातला अक्षता सोहळ्याचा संमती कट्टा आठवला. संमतीचं वाचन चालू असतं, हजारो मुठींत अक्षता असतात, आणि तो शब्द आला की सगळे हात एकदम वर जातात. शेजारच्याचं नाव माहीत नसतं, पण त्याच्या मुठीतल्या अक्षता आपल्या डोक्यावर पडतात. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून मी ते बघायचे. गजर वाजायच्या आधी सभागृहात जी शांतता होते ती तीच आहे, मला ओळखू आली. बोखुममध्ये आल्यापासून त्या क्षणी पहिल्यांदा मला परकं वाटलं नाही. म्हणून मी हे मंडळ चालवते. दुसरं कारण नाही.

आणि फोन. आमच्याकडे दारात वेताची टोपली असते, आत शिरताना सगळे फोन त्यात ठेवायचे. हा नियम मी केला होता, दुसऱ्या कुणी नाही. अंधारात एक फोन उजळला तरी मागच्या तीन रांगांची नजर तिकडे जाते. खेळ सातला सुरू झाला, तेव्हा सोलापुरात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दादाचा पहिला फोन इथल्या सव्वाआठचा आहे. साधारण त्याच सुमाराला आत सगळी घड्याळं वाजत होती. टोपलीत माझा फोन वाजत असेल तर तो कुणालाच ऐकू गेला नसता. सव्वानऊला मी टोपलीतून फोन काढला. अकरा मिस्ड कॉल. तुमच्याकडे पावणेदोन. बाबांना तोवर आत नेलं होतं आणि आई बाहेर बाकावर बसली होती, एवढं दादाने सांगितलं. मी अंगणात उभी होते, जळलेल्या फुलबाज्यांच्या काड्या पायाखाली होत्या. नंतरचं तुम्हाला माहीतच आहे. पहाटेपर्यंत मी बोलत होते, पण ते दोन तास मी तिथे नव्हते, हे खरं.

आता टोपलीचा नियम बदललाय. घरी लहान मूल, आजारी माणूस किंवा परदेशात आईवडील असणाऱ्याने फोन खिशात ठेवायचा, फक्त थरथरता. मी ठराव मांडला, दोन केरळी नर्स बहिणींनी लगेच अनुमोदन दिलं. एकमताने मंजूर झाला.

दादाच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते. रात्री उशिरा एकटी परत येत नाही. बेकरीवाली तुर्की बाई माझ्याच रस्त्यावर राहते, आम्ही दोघी बरोबर चालत येतो. नोकरीवर परिणाम होत नाही. मंडळाचं काम मी शनिवारी आणि बुधवारी संध्याकाळीच करते. चोरून सिनेमे दाखवत नाही. प्रत्येक खेळाचा परवाना वितरकाकडून पैसे भरून घेतो. काही परवान्यांत सिनेमाचं नाव बाहेर जाहीर करायला मनाई असते, तेव्हा आमच्या फलकावर नुसती तारीख असते. दादाला वाटलं काहीतरी लपवाछपवी आहे, तसं नाही.

सिनेमा दाखवल्याबद्दल दंड झाल्याचं त्याने कुठे वाचलं तेही कळलं. ती बातमी खरी आहे, पण आमची नाही. गुड फ्रायडे हा इथे कायद्याने शांत दिवस आहे. त्या दिवशी कुठला सिनेमा चालेल हे वयाचा शिक्का देणारी संस्थाच ठरवते. 2014 साली बोखुममधल्याच एका गटाने त्या दिवशी 'लाइफ ऑफ ब्रायन' हा येशूच्या काळातला विनोदी सिनेमा दाखवला. दंड झाला, आणि प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं. 2017 मध्ये न्यायालयाने ती तक्रार ऐकायला घेतली नाही. आम्ही त्या दिवशी सभागृह झाडून-पुसून बंद ठेवतो. आपल्या घरी महाशिवरात्रीला टीव्हीचा आवाज कमी असायचा, मला त्यात काही जड वाटत नाही.

आणि आईसाठी एक. 2004 साली इथल्या एका वाहिनीने 'कभी खुशी कभी गम' जर्मन आवाजात दाखवला होता. तेव्हापासून इथे शाहरुखवर जीव टाकणाऱ्या बायका आहेत. त्यांतल्या दोघी आमच्या सभासद आहेत, रडायला रुमाल घेऊनच येतात. तू आलीस की तुला त्यांच्या मधल्या खुर्चीत बसवीन.

आता पैशांचं. दवाखान्याचं बिल दादाने भरलं, विम्यातून थोडं येईल. मी 900 युरो पाठवलेत, उरलेले फेब्रुवारीच्या पगारात पाठवीन. दादा नको म्हणतोय. बाबा, तुम्ही त्याला घ्यायला सांगा. आणखी एक, जे मी सप्टेंबरपासून सांगायचं टाळलं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मी पैसे पाठवणार होते आणि "इथे खर्च वाढलाय" म्हणाले होते. जुना प्रोजेक्टर बंद पडला होता, त्यातले 640 युरो नव्याला गेले. मंडळ ते मला हप्त्याने परत देतंय, वहीत नोंद आहे. पण पावसात माजघरात बादली ठेवावी लागली हे वहिनीकडून कळलं, तेव्हा मी तो प्रोजेक्टर दोन दिवस सुरू केला नाही. गच्ची मेमध्ये होईल. मी येतेय तेव्हा स्वतः गवंडी बघते.

हो, मेमध्ये येतेय. 9 तारखेचं तिकीट काढलंय, तीन आठवडे.

लातूरच्या स्थळाबद्दल. मुलगा नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला आहे, आमचं दोनदा बोलणं झालं. बोलायला चांगला वाटला, आईवडिलांबद्दल आपुलकीने बोलतो. फेब्रुवारीत एका शनिवारी तो इकडे येणार आहे, दिवसा भेटू, मग तो संध्याकाळी आमचा खेळ बघेल असं त्यानेच सुचवलं. लग्नानंतर हे मंडळ चालू ठेवणार का, असंही विचारलं. मी "हो" म्हणाले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग खेळ किती वाजता सुरू होतो ते विचारलं. याहून जास्त काही झालेलं नाही, तेव्हा आत्याने इतक्यात कुणाला सांगू नये. इथे माझं दुसरं कुणी नाही, आई. असतं तर तुलाच आधी सांगितलं असतं.

बाबा, दहावीला मला पहाटे चारला उठवणारं तुमचं चावीचं घड्याळ कपाटावर असेल तर टाकू नका. मेमध्ये मी घेऊन जाईन. अक्षतांच्या दिवशी संमती कट्ट्यावर गर्दीत उभं राहू नका, या वर्षी घरूनच हात जोडा. माझ्या वाटच्या अक्षता चिनूने टाकाव्यात.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवू नका, मी इथे वड्या केल्यात. जरा कडक झाल्या.

दादा, वहिनी, आत्या यांना नमस्कार, चिनूला पापा.

तुमची,
नीलू

ता. क. सभागृहाच्या राखणदाराच्या घरचा फोन नंबर दादाला पाठवलाय. त्यांना इंग्रजी येत नाही. पण तुम्ही नुसतं "नीलू" म्हणालात तरी ते खेळ थांबवून मला बोलावतील, असं त्यांनी स्वतः सांगितलंय.