आपणहून उठणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सा. न. वि. वि.

पहिल्या दिवशी तुम्ही "बसा" म्हणालात आणि मी म्हणाले, "बसताच येत नाही हो." तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, खुर्ची मागे सारलीत आणि म्हणालात, "मग मीही उभाच राहतो." वीस-पंचवीस मिनिटं तुम्ही उभ्यानेच बोललात, कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिलंत. बाहेर ही गर्दी! कंपाउंडर दोनदा डोकावून गेला.

मी एसटीत कंडक्टर. फेब्रुवारी 2020 मध्ये ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि मी सीटच्या दांड्यावर उजव्या कुल्ल्यावर आदळले. मग साडेतीन वर्षं जिना चढताना, कूस बदलताना कळ. एका डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरून "गॅप आहे" सांगितलं, पट्टा दिला. दुसऱ्यांनी सगळं माझ्या वजनावर ढकललं. तिसऱ्यांनी मणक्याच्या ऑपरेशनचा खर्चच हातात ठेवला. एकाने तर माझ्यादेखत आमच्या यजमानांना सांगितलं, "यांना ड्युटी नकोय." दुखऱ्या जागेला मात्र यातल्या एकानेही हात लावला नाही.

तुम्ही म्हणालात, "एका बोटाने दाखवा." कमरेखाली खळी पडते ना, तिच्या जरा खाली आतल्या बाजूला मी बोट ठेवलं. पुन्हा विचारलंत, बोट तिथेच गेलं. मग पाय वाकवून, दाबून, ताणून पाच परींनी पाहिलंत, त्यात चारदा मी ओरडले. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं पसरट हाड जुळतात तो सॅक्रोइलियाक सांधा. जेमतेम दोन-चार अंश हलणारा, पण बिघडला की माणसाला बसू देत नाही, आणि मणक्याच्या एमआरआयवरून तो पकडता येत नाही. हे मला पहिल्यांदा कुणीतरी समजावून सांगत होतं.

तरी तुम्ही ऑपरेशनची घाई केली नाहीत. आधी एक्स-रे मशीनखाली सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन दिलंत आणि मला जिना चढायला लावलंत. बारा आणे दुखणं पळालं होतं. मी जिन्यातच रडले. औषध उतरलं तशी कळ परत आली, पण आता चोर सापडला होता.

ऑपरेशनचं काय लिहू? बोटभर चीर, टायटॅनियमचे तीन इम्प्लांट, दुसऱ्या दिवशी वॉकर. पुढचे काही आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नव्हता, तेवढं जिवावर आलं.

गाडीत पोटुशी बाई चढली की मी लोकांना उठवते. बहुतेक जण खिडकीबाहेर बघतात, नाहीतर झोपेचं सोंग घेतात. शंभरात एखादा आपणहून उठतो, तोही काही न बोलता. अशी माणसं मला वर्षानुवर्षं लक्षात राहतात. सांगली-कोल्हापूर गाडीत असाच एक शाळकरी मुलगा होता, त्याचा चेहरा अजून आठवतो. तुम्ही त्याच्या जातकुळीतले.

खोटं कशाला सांगू, फार वेळ उभं राहिलं की थोडं ठणकतं. पण परवा गावाकडे पंगतीत मांडी घालून जेवले. नणंद बघतच राहिली.

सोबत शेंगदाण्याची चटणी पाठवतेय, घरी कुटलेली. डबा तेवढा परत द्या, सासूबाईंचा आहे.

आपली,
उजव्या बाजूने बसायला लागलेली पेशंट