व्हीगन होताना आधी गोळी, मग चहा, शेवटी दही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत व्हीगन, म्हणजे दूध-तुपासकट कुठलाही प्राणिज पदार्थ नसलेल्या आहारावर अधूनमधून लेख येतात. प्राण्यांविषयीची कळकळ त्यात असते, पर्यावरणाचा विचारही असतो. पण दूध-तूप सोडायचं ज्याने ठरवलं आहे त्याने उद्या सकाळी चहात काय घालायचं, हे मात्र त्यात सापडत नाही. बदामाचं दूध, अव्होकाडो आणि आयात केलेल्या चीजची छायाचित्रं पाहून वाचकाला वाटतं, हे श्रीमंतांचं काम. मराठी स्वयंपाकघरात हा बदल स्वस्तात होतो. फक्त तो क्रमाने करावा लागतो आणि घरातलं एक तरी माणूस सोबत असावं लागतं. आहारसल्ला देणारे आणि रोजचा स्वयंपाक करणारे आम्ही काही जण याच दोन गोष्टींसाठी हे पत्र लिहीत आहोत.

पहिलं काम स्वयंपाकघरात नाही, प्रयोगशाळेत आहे. दूध बंद करण्याआधी रक्तातलं बी-१२ हे जीवनसत्त्व तपासून घ्या, वनस्पतीजन्य आहारातून ते भरवशाने मिळत नाही. आपल्याकडे दूध-दही खाणाऱ्या शाकाहारी माणसांतही त्याची कमतरता सर्रास आढळते, म्हणजे अनेकांची सुरुवातच रिकाम्या कोठारापासून होते. साधारणपणे मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा असला तर ती कमतरता मानतात आणि २०० ते ३०० ही काठावरची स्थिती. आकडा कमी असेल तर इंजेक्शन की गोळ्या, हे डॉक्टरांनी ठरवावं. आकडा चांगला असला तरी पूरक गोळी पहिल्या दिवसापासून हवी. रोज घ्यायची तर किमान १० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा घ्यायची तर २००० मायक्रोग्रॅम. हा फरक पाहून अनेक जण गोंधळतात. त्याचं कारण असं की, एका वेळी शरीर नेहमीच्या मार्गाने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ शोषतं आणि उरलेल्यातलं सुमारे एक टक्काच आत जातं. म्हणून मोठा डोस क्वचित किंवा छोटा डोस रोज, दोन्ही चालतं. काहीच न घेणं मात्र चालत नाही.

इथे तीन गैरसमज ठामपणे खोडायला हवेत. इडलीच्या आंबलेल्या पिठातून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं रूप असतं आणि तपासणीत ते फसवू शकतं. ‘दोन वर्षं झाली, मला काही त्रास नाही’ हाही पुरावा नव्हे, कारण यकृतातला साठा काही वर्षं पुरू शकतो. डाळी आणि पालेभाज्यांतून फोलेट हे ब-गटातलं जीवनसत्त्व भरपूर मिळत असल्यामुळे रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि पहिली खूण पायांच्या मुंग्यांची, तोल जाण्याची किंवा विसरभोळेपणाची असू शकते. मज्जातंतूंची ही हानी उशिरा लक्षात आली तर पूर्ण भरून येईलच असं नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी ओमेप्रॅझोलसारखी गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांनी तर अधिकच जपावं, दोन्हींमुळे बी-१२चं शोषण घटतं.

आता स्वयंपाकघर. मराठी जेवणाची एक मोठी सोय फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे तूप बहुधा शेवटी, वरून घालतात. वरण, पुरणपोळी, मोदक, खिचडी, थालीपीठ हे ताटात येईपर्यंत बरेचदा व्हीगनच असतं. पिठलं-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, भरली वांगी, अळूचं फतफतं, दाण्याची आमटी, आंबोळी, सोलकढी, खानदेशातली कळण्याची भाकरी यांना तर हात लावायचीही गरज नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात नवीन काही शिकू नका. तुपाची वाटी ताटाबाहेर ठेवा, तुपाची फोडणी असेल तर त्याआधी आपल्यापुरतं वरण बाजूला काढा आणि उकडीत तुपाऐवजी चमचाभर तेल घाला. पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर खायची पद्धत दक्षिणेकडच्या बऱ्याच घरांत आहेच.

अडतं ते चहापाशी. सोया दूध चहात फुटलं म्हणून लोक दुसऱ्याच दिवशी माघार घेतात. ते फुटतं कारण चहा आम्लधर्मी असतो, गुळात आम्लता अधिक आणि उकळत्या पाण्यात थंड दूध ओतलं की प्रथिनं गोठतात. आल्यात तर प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. त्यामुळे पाणी, चहापूड आणि आलं आधी चांगलं चार-पाच मिनिटं उकळा. गॅस बंद करा. सोया दूध वेगळ्या भांड्यात गरम करून मग हळूहळू ओता आणि गूळ हवाच असेल तर तो कपात, शेवटी. ओटचं दूध सहसा फुटत नाही, पण उकळलं की बुळबुळीत होतं, तेही वरूनच घालावं. नारळाच्या दुधाचा वास चहावर मात करतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लिंबू पिळलेला कोरा चहा. ज्यांची दुधाची सवय जुनी आहे त्यांनी आधी दिवसातला एकच चहा बदलावा, आठवड्याने दुसरा.

सोया दूध घरी करायचं तर १०० ग्रॅम सोयाबीन आठ-दहा तास भिजवा, सालं काढा आणि गरम पाण्यात वाटा. थंड पाण्यात वाटलं की एक विकर जागं होतं आणि तो उग्र, कच्चा वास येतो. एकूण पाऊण ते एक लिटर पाणी पुरे. गाळून घेतल्यावर फेस वर आला म्हणजे उकळलं, असं समजू नका. तो फेस फसवा असतो. आच कमी करून पुढे १५ मिनिटं ढवळत उकळा, नाहीतर प्रथिनांचं पचन अडवणारा घटक तसाच राहतो आणि पोट फुगतं. उरलेला चोथा थालीपिठाच्या भाजणीत मळा.

दही शेवटी सोडावं, कारण त्याला पर्याय करायला हात बसावा लागतो. शेंगदाण्याचं दही सर्वांत स्वस्त. १०० ग्रॅम कच्चे दाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे फेकून द्या, त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं. सात-आठ तास भिजवून सालं काढा, सालीमुळे दही कडवट आणि लालसर होतं. आधी थोड्या पाण्यात गुळगुळीत वाटा, मग एकूण अर्धा लिटरपर्यंत पाणी घालून फडक्यातून गाळा. मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं उकळा. तळाला लागलं तर सगळ्या दह्याला करपट वास येतो. बोट बुडवल्यावर कोमट लागेल, म्हणजे सुमारे ४० अंशांपर्यंत निवू द्या. पहिल्या विरजणासाठी हिरव्या मिरच्यांची दहा-बारा ताजी देठं धुऊन, पुसून आत सोडा आणि दहा ते चौदा तास हलवू नका. हे पहिलं दही पातळ आणि थोडं विचित्र वासाचं होतं. निराश होऊ नका, ते खायचं नसतंच, ते विरजण आहे. देठं काढून त्यातलं दीड चमचा पुढच्या अर्ध्या लिटरला लावा, सहा ते आठ तासांत नीट लागेल. गुलाबी किंवा हिरवा डाग दिसला, तार सुटली, तर सगळं टाकून भांडं उकळत्या पाण्याने धुवा.

हे दही गाईच्या दह्यासारखं घट्ट कापलं जात नाही, त्यात दुधातलं केसीन नसतं. वर पाणी सुटलं तर पाणी जास्त पडलं आहे. लागलंच नाही तर बहुधा विरजण गरम दुधात गेलं. वाटताना २० ग्रॅम भिजवलेले काजू घातले तर पोत सुधारतो. कोशिंबीर आणि मठ्ठ्याला ते उत्तम. कढीला मात्र अर्ध्या लिटरला मोठा चमचाभर बेसन आधी फेटून घ्या आणि उकळी फुटू देऊ नका.

कॅल्शियमचा हिशोब गांभीर्याने करावा लागतो. प्रौढांसाठी आपल्याकडची शिफारस रोज १००० मिलिग्रॅमची आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, न सोललेल्या तिळात १२००च्या वर आणि शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं. गाईच्या दुधात ते १०० मिलिलिटरला सुमारे १२० असतं. म्हणजे नाचणीच्या दोन भाकऱ्या, तिळाची चटणी दीड मोठा चमचा आणि शेवग्याची किंवा मेथीची भाजी एवढ्यानेच आठशेचा पल्ला गाठता येतो. पण कागदावरचा आकडा अंगी लागतोच असं नाही. पालक आणि माठातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. नाचणी मोड आणून दळली आणि तीळ भाजून कुटले तर शोषण सुधारतं. बाजारचं सोया दूध घेताना वेष्टणावर कॅल्शियम घातल्याचा उल्लेख पाहा आणि पुडा हलवून ओता, ते तळाशी बसतं.

प्रथिनांची भीती उगाच मोठी केली जाते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम पुरतात. पाच पोळ्या-भाकऱ्यांतून १५, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळीतून १५, मूठभर दाण्यांतून ७ आणि २५ ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून १३ ग्रॅम प्रथिनं मिळाली की झालं. घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. दूध-तूप काढलं आणि त्या जागी काहीच आलं नाही की एकूण उष्मांक कमी पडतात, माणूस गळून जातो आणि दोष व्हीगन आहाराला देतो. दाणे, तीळ, खोबरं वाढवा. डाळी मात्र एकदम वाढवू नका. भिजवणीचं पाणी टाका, हिंग-ओवा घाला, दोन-तीन आठवडे पोटाला द्या.

लोहासाठी जेवणावर लिंबू, आणि चहा जेवणानंतर तासाभराने. ओमेगा-३साठी जवसाची चटणी रोज मोठा चमचाभर पुरते. जवस भाजून कुटावा, अख्खा तसाच बाहेर पडतो. मीठ आयोडीनयुक्तच वापरा, सैंधवावर राहू नका. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतलं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, तेव्हा डी-२ किंवा दगडफुलासारख्या शैवाकापासून केलेलं डी-३ मागा. पुड्यावरचा हिरवा ठिपका दूध चालतं असंच सांगतो, त्याने फसू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह ठरवलं आहे, ते पाहा किंवा घटकांच्या यादीत दुधाची भुकटी, व्हे (दुधाची निवळी), केसीन शोधा.

आणि आता सोबतीविषयी. घरात स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर निर्णय जाहीर करून मोकळं होणं हा त्या व्यक्तीवर अन्याय आहे. आई, सासूबाई किंवा स्वयंपाकाच्या ताईंना ‘मी काय खाणार नाही’ची यादी देऊ नका, आठवड्याच्या चौदा जेवणांत काय चालेल ते त्यांच्यासोबत बसून लिहा. बहुतेक पदार्थ त्यांचेच निघतात. दही लावणं, सोया दूध करणं ही जास्तीची कामं स्वतः करा. पंचामृत आणि नैवेद्यावरून पहिल्याच सणाला वाद घालू नका. तीर्थ नम्रपणे कपाळाला लावता येतं. कुणी प्रेमाने वाढलेला लाडू चुकून पोटात गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं, बस्स.

लग्नकार्यात ‘व्हीगन’ हा शब्द सांगून भागत नाही. केटररला दोन दिवस आधी फोन करून ‘दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, पनीर, मध नको’ असं एकेक नाव घेऊन सांगा. वरण आणि मसालेभातात तूप आहे का, हे विचाराच. घरात कुणीच साथ देत नसेल तर बाहेर शोधा. पुण्यातली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था १९७४ पासून प्राण्यांसाठी काम करते आहे आणि डॉ. नंदिता शाह यांची ‘शरण’ संस्था आहार बदलण्याचं मार्गदर्शन करते. रोज पाककृती विचारता येईल असा एक मित्र किंवा मैत्रीण मिळाली तरी पुष्कळ.

काहींनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन घेणारे हे त्यांतले. थायरॉईडची गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर हवं. एक वर्षाखालच्या बाळाला घरचं कुठलंही वनस्पतीजन्य दूध आईच्या दुधाऐवजी कधीही देऊ नये.

आपल्याला एक विनंती. पाककृतींच्या सदरात तूप, दही, दूध जिथे येतं तिथे ‘याऐवजी काय’ आणि ‘ते घालण्याआधी वेगळं काढता येईल का’ एवढ्या दोन ओळी छापाव्यात. त्यासाठी लागणारी प्रमाणं करून, चाखून आपल्याला पाठवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
आहारसल्ला आणि स्वयंपाक या क्षेत्रांतले काही वाचक, पुणे