परीक्षेला बसण्याआधी

सातारा

चि. सौ. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सहा वर्षं दवाखाना चालवलाय मी. आता पोराटोरांच्या शेजारी बसून पुन्हा दाढा मोजू?" दातांची डॉक्टर असून तिथल्या नियमाप्रमाणे तुला पुन्हा परीक्षा द्यायची आहे, त्याचा तो वैताग. आई शेजारीच होती, म्हणून मी विषय बदलला. फोनवर मला नीट बोलता येत नाही. लिहून बघतो.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे अमेरिकेत रॉचेस्टरला होतो तेव्हा रोज सकाळी मी जेनेसी नदीकाठच्या पार्कात जायचो, जिथे एरी कालवा नदीला आडवा येऊन मिळतो तिथे. बाजूलाच गोल्फचं मैदान. तिथल्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ भेटायचे. माझं इंग्रजी तुटकं, त्यांचं भरभर, पण मैदानाकडे बोट करून ते एका गोल्फपटूचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचे, कॅल्विन पीट. इथेच शिकला म्हणायचे. परत आल्यावर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि तुझा फोन आल्यापासून तर तो माणूस मनातून हलत नाही.

जन्म 1943 चा, डेट्रॉइटचा. वाढला फ्लोरिडात, पहोकी नावाच्या गावात. बापाला दोन लग्नांची मिळून एकोणीस मुलं. शाळा अर्ध्यावर सुटली आणि पोर शेतात मजुरीला लागलं. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यामागे जातात, तशा तिकडे मजुरांच्या टोळ्या पिकांमागे फ्लोरिडापासून थेट न्यूयॉर्कपर्यंत वर सरकायच्या. पुढे पीटने एक गाडी घेतली, तिच्यात कपडे आणि दागिने भरले आणि त्याच मजुरांच्या वस्त्यांवर फेरीवाल्यासारखा विकत फिरू लागला. या फेरीतच तो रॉचेस्टरला पोचायचा. गोल्फ त्याला बिनकामाचा वाटायचा, उन्हात चेंडूमागे कोण धावणार म्हणून. 1966 साली मित्रांनी शिंपल्यांच्या मेजवानीला जाऊ असं सांगून त्याला गाडीत घातलं आणि नेलं मैदानावर. परत यायला दुसरी गाडी नाही, म्हणून हातात काठी धरली. वय 23. गोल्फमध्ये नाव काढणारी बहुतेक मुलं शाळेच्या वयातच काठी धरतात.

आता त्याच्या हाताचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच बघावंसं वाटलं. लहानपणी झाडावरून पडून त्याचं डावं कोपर मोडलं होतं आणि ते पुन्हा कधीच पूर्ण सरळ झालं नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याला गोल्फचा पहिला धडा असतो तो डावा हात सरळ ठेवायचा. म्हणजे पहिलाच धडा याला गिरवता येईना. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले. हात मागे जातो, कोपर थोडं वाकलेलंच, आणि दर वेळी तेवढंच वाकलेलं. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच दिसतं. स्लाइडमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर हत्यार दर कटला वेगळं बसतं. ज्या सांध्यात प्लेच नाही, तो तसूभर हलत नाही. हे माझं मत आहे, कोणी डॉक्टर सांगेल ते वेगळं असेल. पण आकडे बघ. 1981 ते 1990 अशी सलग दहा वर्षं, टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, ठेवण्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, पहिला क्रमांक याचा. लांब मारणाऱ्यांत त्याची गणना नव्हती, पण सरळ मारण्यात त्याला जोड नव्हती.

हे काही पटकन झालं नाही. 1971 मध्ये तो व्यावसायिक झाला, पण दौऱ्यावर खेळायचा परवाना पहिल्या प्रयत्नात हुकला, मिळाला तो 1975 मध्ये. मग चार वर्षं जेमतेम कमाई. 1979 ला मिलवॉकीत पहिली स्पर्धा जिंकला, आणि 1982 या एका वर्षात चार.

आणि आता तुझ्या कामाची गोष्ट. रायडर कप म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप अशी सांघिक लढत. अमेरिकेच्या संघात यायचं तर तिथल्या पीजीए या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचं सभासदत्व लागायचं, आणि सभासदत्वाला हायस्कूल पास असल्याचा दाखला. दौऱ्यावर भल्याभल्यांना हरवणारा, चाळिशीला टेकलेला माणूस, पण दाखला नाही म्हणून संघाबाहेर. शिवाय याच पीजीएच्या घटनेत 1961 पर्यंत फक्त गोऱ्यांनाच सभासद करून घ्यायचं कलम होतं. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय गोल्फपटूने ती भिंत पाडली तेव्हा पीट 18 वर्षांचा होता. अशा संस्थेने त्याच्याकडे शाळेचा कागद मागितला, तर "गेलात उडत" म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. पण तो अभ्यासाला बसला. बायको शिक्षिका, तिने शिकवलं, आणि 1982 मध्ये तो पास झाला. पुढच्याच वर्षी रायडर कपच्या संघात, 1985 ला पुन्हा. मधल्या 1984 साली वर्षभरात एका फेरीमागे सर्वांत कमी फटक्यांची सरासरी, 70.56, म्हणून व्हार्डन ट्रॉफी त्याची. 1985 ला फ्लोरिडातल्या सॉग्रासला प्लेअर्स स्पर्धा जिंकला, जिथला सतरावा ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, चहूबाजूंनी पाण्यात आहे. एकूण बारा स्पर्धा. टायगर वूड्स येईपर्यंत कुठल्याही कृष्णवर्णीय खेळाडूला तेवढ्या जमल्या नव्हत्या.

पुढे बारा स्पर्धांचा मानकरी ठरलेल्या माणसाने कुठल्याशा खोलीत बाकावर बसून गणिताचा आणि भाषेचा पेपर कसा सोडवला असेल, हे मला राहून राहून डोळ्यांसमोर येतं.

कारण मी ते केलं नाही, अश्विनी. तू सहावीत होतीस. मी ज्या संस्थेत टर्निंग शिकवत होतो, तिथे वरच्या जागेसाठी एक परीक्षा द्यावी लागणार होती. वय 41. यादी लागली त्यात माझे दोन विद्यार्थी होते, ज्यांना मी मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकवलं होतं. त्यांच्या शेजारी बसायचं मला जमलं नाही. तुझ्या आईला मी सांगितलं की फॉर्मची तारीख चुकली. तारीख चुकली नव्हती. फॉर्म भरून माझ्या टिफिनच्या पिशवीत होता. ती दोन्ही मुलं पास झाली आणि मला भेटायला पेढे घेऊन आली. मी निवृत्त झालो तो त्याच पदावरून. आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं. आता आईलाही सांगितलंय, कालच.

तुझ्या हातात काय आहे हे मला माहीत आहे. माझी दाढ तू काढलीस तेव्हा मला कळलंही नव्हतं. तिथल्या नियमाला ते माहीत नाही, आणि त्याला ते फक्त कागदावरूनच कळतं. याचा राग येणार, येऊ दे. राग असतानाही फॉर्म भरता येतो.

पैशाची काळजी करू नकोस. फीसाठी मी ठेव मोडलेली नाही, तुमच्या लग्नाच्या वेळी उरलेली रक्कम तशीच होती, ती पाठवतोय. जावईबापूंना सांग, परत करायची भाषा काढायची नाही.

पार्सल मंगळवारी टाकलंय. मेतकूट, गोडा मसाला, छोटूचे मोजे. खाली तुझ्या पहिल्या वर्षाच्या शरीररचनेच्या तीन वह्या आहेत. माळ्यावरून काढल्या, एकीला वाळवी लागायला सुरुवात झाली होती, पण अक्षरं शाबूत आहेत. खाकी कव्हरं नवीन घातली आहेत. नावाची चिकटपट्टी कोरीच ठेवलीय, तू लिही.

तुझे,
बाबा