आण्णा, खाटा आहेत, पण…

सांगली, २० जून २०२१

ती. आई आणि आण्णा यांना शि. सा. नमस्कार.

आण्णा, परवा फोनवर तुम्ही चिडून विचारलंत, "कोरोनाचे बेड रिकामे हायत म्हणं, मग आपल्या माणसाला का घेतलं न्हाई?" ड्युटीवर निघाले होते म्हणून उत्तर अर्धंच राहिलं.

खाटा आहेत. वर्षभरात त्या वाढवता आल्या, उद्या शाळेच्या वर्गातही टाकता येतील. रात्रपाळीला मात्र वॉर्डात आम्ही दोघीच नर्स असतो आणि पेशंट तीसच्या वर. शिवाय ऑक्सिजनचा हिशेब वेगळाच. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर बसतो. मिनिटाला पंधरा लिटर लागणाऱ्याला तो साडेसात तास पुरतो. त्याच पेशंटला हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन सोडणाऱ्या मशीनवर, साठ लिटर लावले, की दोन तासांच्या आत खडखडाट. पहाटे तीनला सिलिंडरच्या काट्याकडे बघत नवीन पेशंट घ्यायचा की नाही, हे ओळखीवर ठरवता येत नाही आण्णा.

त्यातून माणसं येतात उशिरा. ताप आला की आधी अंगावर काढायचा, मग गावातच टायफॉईड म्हणून दोन सलाईन लावून घ्यायच्या. दम लागला की मग गाडी शोधायची. आमच्याकडं येईपर्यंत रक्तातला ऑक्सिजन सत्तरवर आलेला असतो. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? कागदावर तीस हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. बाळंतपण, पोरांचं लसीकरण, साप चावलेला, कुत्रा चावलेला, सगळं तिथंच. आता ही लसही तिथंच, आणि नर्सताई तीच. जागा कोरोनाच्या आधीही रिकाम्याच होत्या, तेव्हा कुणाला दिसल्या नाहीत एवढंच.

आई, "आशाताई फिरकत न्हाई" म्हणून तू बोल लावत होतीस. अगं, त्या १५ तारखेपासून संपावर आहेत, राज्यातल्या जवळजवळ सत्तर हजार जणी. पगार नाही, कामागणिक मोबदला. गेल्या वर्षी मार्चमध्ये इस्लामपूरला एकाच घरातून साथ पसरायला लागली, तेव्हा घरोघर फिरून ती आवरली कुणी? लॉकडाऊनमध्ये दादासारखे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले परराज्यांतून गावी परतले, त्यांच्या दारात रोज तपासायला कोण जात होतं? मला विचारशील तर संप बरोबर आहे. माझीही नेमणुकीची ऑर्डर तीन-तीन महिन्यांचीच असते, पण ते रडगाणं आल्यावर.

नोकरी सोड म्हणता, ते आत्ता होणार नाही. मुंबई-पुण्याची लाट ओसरली, आपल्याकडं आकडे अजून हटत नाहीत.

आण्णा, तुमचा कोव्हिशील्डचा दुसरा डोस आता ८४ दिवसांनी आहे, नियम मे महिन्यात बदलला. उगाच केंद्रावर खेटे घालू नका. ऑक्सिमीटर पाठवलाय. सकाळ-संध्याकाळ बोटाला लावायचा, बोट थंड असेल तर आधी चोळून घ्यायचं. सहा मिनिटं अंगणात चालून पुन्हा बघायचं. आकडा ९४ च्या खाली गेला तर मला फोन लावत बसू नका, १०८ ला लावा. माझा फोन ड्युटीत कपाटात असतो.

तुमची,
शोभा